क्लोरीन थांबवू नका, त्याच्या आधीचे काम करा

प्रति,
माननीय महापौर, आयुक्त, 58 प्रभागांतले नगरसेवक-नगरसेविका
आणि शहराचे पाणी शुद्ध करून नळापर्यंत पोहोचवणारे अभियंते व कर्मचारी,
बेळगाव

स.न.वि.वि.

शहरात सध्या मोबाईलवरून एक मजकूर फिरतो आहे. नळाच्या पाण्यात क्लोरीन टाकतात, क्लोरीनने कॅन्सर होतो, तेव्हा आपापल्या नगरसेवकाला गाठा आणि क्लोरीन बंद करायला लावा. खाली हात जोडल्याचे चित्र आणि ‘दहा जणांना पाठवा’. पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, मुलांना मी बरीच वर्षे रसायनशास्त्र शिकवले, त्यामुळे ओळखीची माणसे रस्त्यात थांबवून विचारतात, ‘सर, हे खरं काय?’ याचे उत्तर उभ्या उभ्या देण्यासारखे नाही. खरे म्हणावे, तर उद्या लोकांच्या रेट्याखाली कुणीतरी क्लोरीन कमी करायला लावील आणि पावसाळ्यात गॅस्ट्रोने दवाखाने भरतील. खोटे म्हणावे, तर ते शास्त्राला धरून होणार नाही. त्या मजकुरात खऱ्याचा एक अंश आहे, आणि राकसकोपसारख्या घाटाकडच्या जलाशयाचे पाणी पिणाऱ्यांनी तो समजून घ्यायला हवा. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहितो आहे, पण सगळ्यांना वाचता येईल असे.

मागणी आधीच सांगून टाकतो. क्लोरीनच्या बाबतीत हात आखडू नका. मात्र क्लोरीन पाण्यात पडण्याआधी त्यातला कुजक्या पानापाचोळ्याचा अंश काढा, तो किती निघाला ते मोजा, आणि क्लोरीनमुळे जी संयुगे तयार होतात त्यांचे आकडे लोकांसमोर ठेवा.

राकसकोपची पातळी आपल्याकडे सगळ्यांना पाठ असते. जून उजाडला की वर्तमानपत्रात रोज आकडा येतो. 2475 फुटांना जलाशय भरतो हे टपरीवर चहा पिणारा कुणीही सांगेल. मे महिन्यात ‘डेड स्टॉक’, म्हणजे तळाशी उरलेले पाणी, हे दोन शब्द घरोघरी ऐकू येतात. पाणी किती आहे याची एवढी चौकशी. कसे आहे याची चौकशी मात्र ते गढूळ आले किंवा त्याला वास मारला तरच. आणि मी ज्याबद्दल लिहितो आहे ते नळातून येते तेवढ्या प्रमाणात डोळ्याला दिसत नाही, नाकाला कळत नाही.

राकसकोप भरणारी मार्कंडेय नदी खानापूर तालुक्यातल्या बैलूरकडून येते. तिकडचा पाऊस बेळगावात बसून कळायचा नाही. मृगाचा पाऊस लागला की रानात वर्षभर साचलेला पाचोळा, भातखाचरांतली माती, शेणखत यांवरून वाहत ओढे जलाशयात उतरतात. गरम पाण्यात चहाची पत्ती टाकल्यावर जसा रंग सुटतो, तसा कुजलेल्या पानांतला तपकिरी अंश पाण्यात सुटतो. रसायनशास्त्रात त्याला ह्युमिक आणि फुल्विक आम्ले म्हणतात. माती तुरटीने खाली बसते, वाळूच्या गाळणीत अडकते. हा अंश विरघळलेला असतो, त्यामुळे त्यातला बराचसा निसटून पुढे जातो. गढूळपणा मोजणारे यंत्र उत्तम आकडा दाखवते, पेल्यातले पाणी नितळ दिसते, तरीही तो त्यात असतो.

तसे पाहिले तर तो निरुपद्रवी. आपले पणजोबा तेच पाणी पीत होते आणि त्याने कुणाला काही झाले नाही. त्यांना झाले ते पटकीने आणि विषमज्वराने. अडचण सुरू होते ती क्लोरीन आल्यावर. पीयूसीच्या मुलांना हॅलोफॉर्म अभिक्रिया शिकवतात. ॲसिटोनवर आयोडीन आणि अल्कलीची क्रिया केली की पिवळा आयोडोफॉर्म खाली बसतो. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. आयोडीनच्या जागी क्लोरीन घेतला तर मिळते क्लोरोफॉर्म. परीक्षानळीत दोन मिनिटांत होते तसलेच काहीतरी जलकुंभात, वाहिनीत आणि आपल्या गच्चीवरच्या टाकीत अत्यंत सूक्ष्म प्रमाणात, तासन् तास होत राहते. ॲसिटोनची जागा इथे ह्युमिक आम्लांतल्या विशिष्ट वलयांनी घेतलेली असते, एवढाच फरक.

हे कळले तेही फार पूर्वी नव्हे. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यात काम करणारे रसायनशास्त्रज्ञ योहानेस रूक यांनी 1974 मध्ये दाखवून दिले की नदीच्या कच्च्या पाण्यात नसलेले क्लोरोफॉर्म क्लोरीन टाकल्यावर पाण्यात येते, आणि दलदलीच्या कुजक्या मातीच्या अर्कात क्लोरीन टाकला तरी तेच होते. त्याच वर्षी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेतल्या बेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनाही हेच आढळले. तोवर जग सत्तर वर्षे पाण्यात क्लोरीन टाकत होते. क्लोरोफॉर्मबरोबर त्याची ब्रोमीनवाली तीन भावंडे असतात. या चौघांना मिळून ट्रायहॅलोमिथेन म्हणतात. दुसरा मोठा गट हॅलोॲसेटिक आम्लांचा. नंतर यादी वाढतच गेली. आज सातशेहून अधिक उप-उत्पादने ओळखता आली आहेत, आणि जगभरातल्या नियमांत त्यांतली जेमतेम दहा-पंधरा आहेत.

वर्षातले दोन काळ मला यासाठी धोक्याचे वाटतात. पहिला मे अखेरचा. जलाशयात पाणी थोडे, ऊन कडक, शेवाळ वाढलेले, उपसा तळाजवळून. शेवाळ पाण्यात जी द्रव्ये सोडते तीही क्लोरीनशी तशीच वागतात, आणि पाणी कोमट असल्याने सगळ्याच अभिक्रियांचा वेग वाढलेला असतो. दुसरा काळ मृग आणि आर्द्राच्या पहिल्या लोंढ्यांचा. पाचोळ्याचा अंश तेव्हा सर्वांत जास्त, आणि साथीच्या भीतीने क्लोरीनचा डोसही तेव्हाच वाढवतात. तो वाढवायलाच हवा. पण म्हणूनच डिसेंबर-जानेवारीत स्वच्छ, थंड पाण्याचा एक नमुना पाठवून ‘सर्व काही मर्यादेत’ असा दाखला आणला, तर तो दाखला खोटा नसतो. जूनमध्ये मात्र त्याचा काही उपयोग नसतो.

शहराला दुसरे पाणी येते ते हिडकल जलाशयाचे; त्याचे गणित आणखी वेगळे. ते घटप्रभेचे पाणी, चंदगडच्या बाजूने महाराष्ट्रातून येणारे, मोठ्या जलाशयात बराच काळ साठून राहणारे. राकसकोपच्या पाण्यासाठी लक्ष्मी टेकच्या केंद्रात जो तुरटीचा डोस बरोबर ठरेल तोच हिडकलच्या पाण्यासाठी बसवनकोळ्ळच्या केंद्रात बरोबर ठरेल असे धरून चालू नये. पाणलोटात काय चालले आहे, वर पाऊस किती झाला, हे पलीकडच्यांना एक दिवस आधी कळते. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेपर्यंत दोन्हीकडच्या अभियंत्यांनी एकमेकांना फोन करू नये असे कुठे लिहिलेले नाही.

विहिरींचा विषय निघतोच. 1924 च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खोदलेली विहीर आपण अभिमानाने दाखवतो, शहरातल्या इतर जुन्या विहिरीही टंचाईत कामी आल्या आहेत. विहिरीचे पाणी मातीच्या थरांतून झिरपून येते, त्यामुळे त्यात पाचोळ्याचा अंश सहसा पुष्कळ कमी असतो आणि तेवढाच क्लोरीन टाकूनही क्लोरोफॉर्म कमी तयार होते. म्हणजे विहिरीचे पाणी चांगले का? दाट वस्तीतल्या विहिरीत गटाराचे पाणी मुरण्याची भीती असते, आणि गटारातला अमोनिया क्लोरीनला धरून बसतो; मग मोजायला क्लोरीन दिसतो पण जंतू मारायचा त्याचा जोर उरत नाही. एका बाजूला सोय तर दुसऱ्या बाजूला अडचण, असा हा विषय आहे. मोबाईलवरच्या मजकुराला तो पेलत नाही.

आता हे किती विषारी, ते सांगतो. क्लोरोफॉर्म यकृतात गेले की तिथे त्याचे फॉस्जीन होते. पहिल्या महायुद्धात विषारी वायू म्हणून वापरले गेले तेच हे फॉस्जीन. पेशी मरतात, शरीर नव्या तयार करते, पुन्हा मरतात. उंदीर-घुशींना मोठे डोस रोज दिले तेव्हा या सततच्या झिजेतून यकृतात आणि मूत्रपिंडात गाठी झाल्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने 1976 मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध केले. डोस इतका कमी असेल की पेशी मरतच नाहीत, तर ही साखळी सुरूच होत नाही असे बहुतेक विषशास्त्रज्ञ मानतात. जागतिक आरोग्य संघटनेने क्लोरोफॉर्मची मर्यादा लिटरला 300 मायक्रोग्रॅम इतकी सैल ठेवली आहे ती यामुळे. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. ब्रोमीनवाल्या भावंडांची गोष्ट वेगळी. त्यांतली काही थेट जनुकांवर घाव घालतात, त्यामुळे ब्रोमोडायक्लोरोमिथेनची मर्यादा 60 मायक्रोग्रॅमच आहे. समुद्रकाठच्या आणि खाऱ्या भूजलाच्या गावांना ब्रोमीनची चिंता जास्त असते. घाटातल्या गोड्या पाण्यात ब्रोमाइड सहसा थोडे, हे आपल्या पथ्यावर पडणारे.

माणसांवरचे पुरावे काय सांगतात? वर्षानुवर्षे जास्त ट्रायहॅलोमिथेनचे पाणी वापरणाऱ्यांत मूत्राशयाचा कॅन्सर काहीसा अधिक आढळतो, असे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसले आहे. 2020 मध्ये युरोपातल्या 26 देशांचे आकडे तपासून संशोधकांनी अंदाज मांडला की तिथल्या मूत्राशयाच्या कॅन्सरपैकी सुमारे पाच टक्के रुग्णांचा संबंध या पाण्याशी जोडता येईल. पाच टक्के म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगे नाही, पण त्याच कॅन्सरमागे तंबाखूचा वाटा याच्या कित्येक पट आहे. निपाणीच्या पट्ट्यातून आलेल्या माणसाला हे मी वेगळे सांगायला नको. खरा गुन्हेगार क्लोरोफॉर्म आहे की त्याच्याबरोबर तयार होणारे दुसरे एखादे संयुग, हेही पक्के ठरलेले नाही. क्लोरोफॉर्म मोजायला सोपे, म्हणून सगळे त्यालाच मोजतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने क्लोरोफॉर्मला ‘2 ब’ गटात टाकले आहे, म्हणजे माणसात कॅन्सर घडवण्याची शक्यता असलेले. खुद्द क्लोरीनयुक्त पाण्याला मात्र 1991 मध्ये तिने तिसऱ्या गटात ठेवले: निर्णय करण्याइतका पुरावा नाही.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. क्लोरोफॉर्म उडून जाणारे आहे. बंद न्हाणीघरात कढत पाण्याचा शॉवर घेताना ते श्वासातून आणि कातडीतून आत जाते, आणि हा वाटा पिण्याच्या पाण्यातून येणाऱ्या वाट्याइतका किंवा त्याहून जास्तही असू शकतो. म्हणजे पिण्यासाठी विकतचे पाणी आणून हा प्रश्न सुटत नाही. खिडकी उघडी ठेवून तो थोडा सुटतो.

इतके सगळे सांगून पुन्हा म्हणतो, क्लोरीन कमी करू नका. 1955 च्या डिसेंबरात दिल्लीत जे झाले ते पाणीपुरवठ्यातल्या प्रत्येकाने वाचलेले असावे. नजफगढ नाल्याचे सांडपाणी यमुनेतल्या वझिराबादच्या उपशापर्यंत मागे सरकले. अभियंत्यांनी तुरटी वाढवली, क्लोरीन वाढवला, आणि टायफॉइड-हगवणीची साथ आली नाही. पण जानेवारी संपेपर्यंत सुमारे 29 हजार लोकांना कावीळ झाली. पुढे कळले की तो हेपेटायटिस ई होता. घाणीने भरलेल्या पाण्यात क्लोरीन घाणीशी झगडण्यातच खर्ची पडला आणि विषाणू निसटला. या घटनेतून मी दोन अर्थ काढतो. क्लोरीन नसता तर टायफॉइडने माणसे मेली असती. आणि नुसता क्लोरीन वाढवून, आधीची सफाई न करता, पाणी सुरक्षित होत नाही. पाचोळ्याचा अंश काढणे हे कॅन्सरच्या भीतीपोटी करायचे जास्तीचे काम नव्हे. त्यानेच क्लोरीनला जंतू मारायला मोकळीक मिळते.

पेरूची गोष्टही सांगतात. 1991 मध्ये तिथे कॉलरा आला, एका वर्षात तीन लाखांवर रुग्ण, सुमारे 2900 मृत्यू. ट्रायहॅलोमिथेनच्या भीतीने विहिरींतला क्लोरीन बंद केला म्हणून हे झाले, असे तेव्हा बरेच छापून आले. नंतरच्या अभ्यासकांनी ते इतके सरळ नव्हते असे म्हटले. पैसा, मोडकी यंत्रणा आणि हलगर्जी ही कारणेही होतीच. क्लोरीनच्या बाजूने भांडताना मी पेरूचा दाखला देत नाही. दिल्लीचा पुरतो.

मग करायचे काय? पहिला प्रश्न अभियंत्यांना. जलाशयातून आलेल्या कच्च्या पाण्यातच क्लोरीन सोडता का? शेवाळ धरू नये म्हणून देशातल्या पुष्कळ केंद्रांत तशी पद्धत आहे. त्यात क्लोरीनची गाठ पाचोळ्याच्या पूर्ण अंशाशी पडते आणि क्लोरोफॉर्म सर्वांत जास्त तयार होते. तोच क्लोरीन निवळण झाल्यावर, शक्य तर गाळणीनंतर टाकला, तर डोस कमी लागतो आणि उप-उत्पादनेही घटतात. यासाठी नवे यंत्र लागत नाही. नळी कुठे जोडायची एवढाच निर्णय. शेवाळाचा त्रास असेल तर त्या दिवसांपुरती वेगळी तजवीज करता येते. बारा महिने कच्च्या पाण्यात क्लोरीन ओतायचे कारण नाही.

दुसरी गोष्ट तुरटीची. पाणी निवळते त्या डोसावर आपण थांबतो. पण ह्युमिक आम्ले बाहेर काढायला बहुधा त्याहून जास्त तुरटी लागते, आणि पीएच, म्हणजे आम्लता-अल्कतेचे माप, जरा उतरलेला, सहा-साडेसहाच्या आसपास असावा लागतो. घाटाकडचे पाणी मऊ असते. तुरटी पडली की त्याचा पीएच भराभर उतरतो आणि तो सावरायला चुना टाकतात. चुना कधी टाकता यावर बरेच अवलंबून आहे. तुरटीबरोबरच टाकला तर पाचोळ्याचा अंश पाण्यातच राहतो. शिवाय पीएच वाढला की क्लोरीनचे दुहेरी नुकसान होते: साडेसातच्या वर त्याचे जंतुनाशक रूप कमी होत जाते, आणि क्लोरोफॉर्म मात्र जास्त बनते. गाळणी झाली, क्लोरीनला अर्धा तास काम करू दिले, मग वाहिन्या गंजू नयेत म्हणून लागेल तेवढा चुना, असा क्रम मला योग्य वाटतो. हे बीकरमध्ये करून बघायची ‘जार टेस्ट’ केंद्रातल्या प्रत्येक केमिस्टला येते. फक्त ती गढूळपणा बघून न थांबता पुढे न्यायची.

पुढे न्यायची ती कशी? यासाठी एक स्वस्त मोजमाप आहे. पाणी बारीक गाळून त्यातून 254 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश सोडायचा आणि किती शोषला जातो ते बघायचे. पाचोळ्याचा अंश हा प्रकाश चटकन शोषतो. त्यासाठी लागणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर पदव्युत्तर रसायनशास्त्र असलेल्या कॉलेजात असतो, मोजायला पाच मिनिटे लागतात. आपल्या जिल्ह्यात विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आहे, राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे, अभियांत्रिकी कॉलेजे आहेत. दर वर्षी शेकडो मुले प्रकल्पाला विषय शोधत फिरतात. राकसकोपच्या कच्च्या आणि शुद्ध पाण्याचा हा आकडा मे ते सप्टेंबर दर आठवड्याला मोजायचे काम त्यांना द्या. केंद्राला फुकटात माहिती मिळेल आणि मुलांना खोटे प्रकल्प करावे लागणार नाहीत.

मुंबईच्या पाण्यातल्या ट्रायहॅलोमिथेनवर नीरीच्या (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या) शास्त्रज्ञांचे संशोधन 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे हा विषय परदेशातून कालच उतरलेला नाही.

क्लोरीन देण्याच्या पद्धतीबद्दल. शेवटच्या नळापर्यंत लिटरला 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे, असे भारतीय मानक सांगते. विषाणूंपासून बचाव हवा असेल तर 0.5. तो टोकापर्यंत पोहोचावा म्हणून केंद्रातच भरमसाट डोस दिला, तर केंद्राजवळच्यांना वासाचे पाणी आणि टोकाच्यांना क्लोरोफॉर्मचे पाणी. त्यापेक्षा केंद्रात बेताचा डोस आणि वाटेतल्या जलकुंभांवर थोडा थोडा पुरवणी डोस द्यावा. जलकुंभ आणि वाहिन्यांची टोके वेळेवर धुऊन काढणे हेही याच हिशेबात येते, कारण तळाचा गाळ क्लोरीन खातो. ब्लिचिंग पावडर किंवा हायपोक्लोराइट वापरत असाल तर साठा सावलीत ठेवा आणि लवकर संपवा. उन्हात त्याचा जोर ओसरतो आणि हायपोक्लोराइटात क्लोरेट वाढते. मग तेवढाच परिणाम साधायला जास्त ओतावे लागते. ही गोष्ट शहरापेक्षा आपल्या खेड्यांना, तोंड उघड्या पोत्यातून टीसीएल (ब्लिचिंग पावडर) काढून विहिरीत टाकणाऱ्या ग्रामपंचायतींना, जास्त लागू आहे. खानापूर तालुक्यातल्या मंडळींनी हे पत्र वाचले तर त्यांनीही मनावर घ्यावे.

काही प्रभागांत 2008 पासून चोवीस तास पाणी आहे. बाकीच्यांना ठरल्या वारी, व्हॉल्व्हमन येईल तेव्हा. जिथे वाहिनी रिकामी पडते तिथे गळतीतून बाहेरचे पाणी आत ओढले जाते, म्हणून तिथे क्लोरीनची गरज उलट अधिक. मग लोक ते पाणी हौदात, बॅरलमध्ये, सिंटेक्सच्या टाकीत आठवडाभर साठवतात. पहिल्या दोन दिवसांतच क्लोरीन संपतो, तळाच्या गाळात जंतू वाढतात. म्हणजे एकाच घरात सोमवारी क्लोरोफॉर्मची आणि शनिवारी जंतूंची चिंता. चोवीस तास पाणी ही नुसती सोय नाही, आरोग्याची बाब आहे, हे त्या योजनेच्या दिरंगाईवर बोलताना सभागृहात कुणीतरी म्हणावे.

कुणी तुम्हाला ओझोनचे किंवा क्लोरीन डायऑक्साइडचे यंत्र विकायला येईल, ‘क्लोरोफॉर्म शून्य’ म्हणेल. ते खरेही असेल. पण ओझोनने ब्रोमाइडाचे ब्रोमेट होते, क्लोरीन डायऑक्साइडने क्लोराइट राहते, आणि क्लोरामाइन वापरले तर नायट्रोसामीनची भानगड. उप-उत्पादन नसलेले जंतुनाशक बाजारात नाही. आधी तुरटी आणि क्लोरीनचा क्रम नीट लावा. कोट्यवधींची यंत्रे नंतर बघता येतील.

पाणी शुद्ध करायची यंत्रे घेऊन घरोघरी फिरणाऱ्या विक्रेत्यांबद्दलही थोडे. नळाच्या पाण्यात दोन सळया बुडवून वीज सोडतात, पाणी तांबडे-काळे होते, बायका घाबरतात, यंत्र खपते. ती घाण पाण्यातली नसून बहुतांशी लोखंडी सळईची झीज असते. टीडीएस मीटर क्षार मोजतो. क्लोरोफॉर्मशी त्याचा काडीचा संबंध नाही. त्या यंत्रात क्लोरोफॉर्म अडवते ती कोळशाची कांडी, आणि तीही वेळेवर बदलली तर. ज्यांना यंत्र परवडत नाही त्यांनी पाणी उघड्या भांड्यात पाचेक मिनिटे खळखळून उकळावे, खिडकी उघडी ठेवावी. क्लोरोफॉर्मचा मोठा भाग निघून जातो, जंतूही मरतात. हॅलोॲसेटिक आम्ले मात्र उकळून नीट जात नाहीत.

मर्यादांचा घोळ थोडक्यात. आपल्या आय.एस. 10500 या 2012 च्या मानकात क्लोरोफॉर्म 200, ब्रोमोडायक्लोरोमिथेन 60 आणि उरलेली दोन प्रत्येकी 100 मायक्रोग्रॅम. अमेरिकेत चौघांची बेरीज वर्षाच्या सरासरीत 80 च्या आत, युरोपात 100 च्या आत. पाच हॅलोॲसेटिक आम्लांसाठी दोन्हीकडे 60. आपल्या मानकात त्यांचे नावही नाही. बेळगावने बेरीज 80 च्या आत ठेवायचे मनाशी धरावे, असे माझे मत आहे. मानक सैल आहे म्हणून आपणही सैल राहावे असे नाही, आणि वर सांगितलेले उपाय फार खर्चाचेही नाहीत.

मोजलेले आकडे दर तिमाहीला प्रसिद्ध करा, कन्नडबरोबर मराठी आणि उर्दूतही. मराठी परिपत्रकांची आमची मागणी जुनी आहे, तुम्हाला ती ऐकून कंटाळा आला असेल. पण इथे प्रश्न साधा आहे. ज्या आजीला महापालिकेचा आकडा वाचता येत नाही, ती नातवाच्या मोबाईलवरचा मजकूर वाचते. आकडा वाईट आला तरी छापा. जूनमध्ये 140 आणि ऑक्टोबरमध्ये 60 असे काही दिसले तर आम्ही घाबरणार नाही. कुठे काम करायचे ते तुम्हालाही कळेल आणि आम्हालाही.

शेवटी नमुना घेण्याविषयी, कारण निम्मे आकडे तिथेच बिघडतात. नमुना केंद्रातल्या नळाचा नको. क्लोरोफॉर्म वाटेत वाढत जाते आणि क्लोरीन वाटेत घटत जातो, म्हणून दोन्हींसाठी उपनगरातल्या शेवटच्या नळाचा, थेट वाहिनीवरचा नमुना हवा. गच्चीवरच्या टाकीचा नव्हे. नळाची जाळी काढून, पाणी काही मिनिटे वाहू देऊन, मग संथ धारेने काचेची छोटी कुपी काठोकाठ भरायची. कुपीत हवेचा बुडबुडा राहिला तर क्लोरोफॉर्म त्यात उडते आणि आकडा खोटाच कमी येतो. अभिक्रिया तिथल्या तिथे थांबावी म्हणून कुपीत आधी सोडियम थायोसल्फेट टाकलेले असावे. बर्फात ठेवून कुपी गॅस क्रोमॅटोग्राफ असलेल्या, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायची. पहिला नमुना मेच्या तिसऱ्या आठवड्यात, दुसरा मृगाचा पाऊस लागून जलाशयाचा रंग बदलला की, तिसरा गणपतीनंतर. प्लास्टिकच्या बाटलीत अर्धवट भरून आणलेला नमुना प्रयोगशाळेने परत पाठवला तर रागावू नका, त्यांचे बरोबर असते.

कळावे.

आपला,
टिळकवाडीतला एक करदाता, रसायनशास्त्राचा निवृत्त शिक्षक